सोमवार माझा, गुरुवार सदूचा

आबा गेले त्याला आता पाच आठवडे होतील. इथल्या साप्ताहिकात त्यांच्यावर चार ओळी छापून आल्या. मांडवी बंदरातले जुने, अनुभवी तांडेल, शिडाचा मचवा घेऊन मलबारापासून मुंबईपर्यंत उभा जन्म फिरले, माणूस सालस, मागे एक मुलगा आणि दोन मुली. झालं, संपला माणूस! छापलंय त्यात चूक काही नाही, पण वाचताना माझी नजर त्या 'एक मुलगा'वर अडखळते ती अडखळतेच. मग संपादकांचा निरोप आला, की बाई, तुम्ही शाळेत मुलींना निबंध घालता, तर वडिलांवर चार पानं लिहून द्या, शिडाच्या जहाजांचा जमाना वाचकांना कळेल. आता त्यांना काय सांगायचं, कपाळ! आबांचा दर्या मला कुठे ठाऊक आहे? वर्षाचे आठ महिने ते पाण्यावर असायचे आणि आम्ही मांडवीत. मला ठाऊक आहे तो त्यांचा सोमवार. थोडासा गुरुवारही ठाऊक आहे, तो ठाऊक असायला नको होता तरी. तेच लिहिते. संपादकांना नको असेल तर त्यांनी ही पानं खुशाल वाण्याला पुड्या बांधायला द्यावीत.

दर्या खवळायच्या आधी आबा मचवा किनाऱ्यावर ओढून घ्यायचे. खाली ओंडके, दोन्ही अंगांना टेकू, आणि वर माडाच्या झापांचं छप्पर. लांबून पाहिलं तर कुणी वाळूत झोपडी बांधली आहे असं वाटावं. नारळी पौर्णिमा होईपर्यंत आबांचा सगळा दिवस त्या मचव्याच्या पोटात जायचा. फळ्यांच्या फटीत कापूस ठोकायचा, शिडं शिवायची, काथ्याचे दोर वळायचे. आणि त्याच जागी, त्याच चार महिन्यांत, ते आम्हा चार भावंडांशी बोलायचे. एकेकाशी, एकट्याने. ज्याचा जन्म ज्या वारी, तो त्याचा वार. थोरल्या दादाचा शनिवार, माझा सोमवार, सदूचा गुरुवार, धाकट्या यमूचा शुक्रवार. दुपारची जेवणं झाली की ज्याचा वार त्याने शिडीवरून मचव्यात चढायचं, आणि बाकीच्यांनी त्या बाजूला फिरकायचंसुद्धा नाही. आत जे बोलणं होईल ते बाहेर कुणी कुणाला सांगायचं नाही, आईलाही नाही. आई पहिल्यापहिल्यांदा फुरंगटून बसायची. "माझा कुठचा वार ते तरी सांगा!" म्हणायची. मग तिलाही त्याची सवय झाली.

ही पद्धत काढली ती सदूमुळे. आधी आबा रात्री जेवणानंतर आम्हा चौघांना जवळ घेऊन बसत, पण चालायचं काय, तर दादाचं तोंड एखाद्या नगाऱ्यासारखं वाजत असायचं, मी त्याच्याशी हुज्जत घालायची, यमू भोकाड पसरायची, आणि सदू पाठीमागे भिंतीला टेकून बसलेला. एका पावसाळ्यात आबांच्या ध्यानात आलं, की आपण येऊन महिना झाला आणि या पोराचा आवाज अजून आपल्या कानावर पडलेला नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी वार वाटून टाकले. "ज्याचा आवाज मोठा त्याचाच बाप, असं माझ्या घरात चालायचं नाय," असं म्हणाले, आणि दादाकडे बघून हसले. दादाने तोंड वाकडं केलं, पण शनिवार सोडला नाही.

आत गेलं की माशाच्या तेलाचा आणि ओल्या काथ्याचा वास यायचा. आबा दोर वळत असायचे, मान खाली. "बोल गो बाय," एवढंच म्हणायचे आणि मग गप्प. आमच्याकडे बघायचे नाहीत, त्यामुळे बोलणं सोपं जायचं. मी वर्गातल्या एका मुलीची रंगीत पेन्सिल लांबवली होती ते त्यांनाच सांगितलं. त्यांनी दोर वळणं थांबवलं नाही, इतकंच विचारलं, "आता ती पेन्सिल बघितलीस की कसा वाटता तुला?" मला रडूच फुटलं. दुसऱ्या दिवशी पेन्सिल परत केली. आणि आबाही आपलं काहीबाही सांगायचे. तांडेल माणूस, खलाश्यांसमोर कधी कचरला नाही, पण एकदा परक्या बंदरात आजारी पडल्यावर आपल्या आईच्या नावाने आपण कसे हमसून रडलो, ते त्यांनी मला सांगितलं होतं. ते आज मी इथे लिहून टाकलं, म्हणजे नियम मोडलाच. पण ते आता रागवायला नाहीत… आणि रागवायला असते तर फार बरं झालं असतं.

सदू माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. तो तोतरा नव्हता, पण बोलायला त्याला वेळ लागायचा. एक शब्द बोलायचा, मग थांबायचा, आपण म्हणावं विसरला वाटतं, आणि तेवढ्यात दुसरा शब्द यायचा. आम्हाला कुठला तेवढा दम! आम्हीच त्याची वाक्यं पुरी करून टाकायचो, आणि ती चुकीची असली तरी तो मान डोलवायचा. गुरुवारी मात्र तो मचव्यातून उतरायचा तो दिवेलागणीला, आणि तोंडावर अशी काही तरतरी असायची की दादा त्याला चिडवायचा, "काय रे, कुठचं राज्य मिळालंन् तुला?" तेरावं सरून चौदावं लागलं, तेव्हा आबांनी ठरवलं की यंदा नारळी पौर्णिमेनंतर त्याला मचव्यावर घ्यायचं. दादा आधीच जात होता. सगळ्यांसमोर विचारलं, "येशील मां रे?" सदू म्हणाला, "व्हय." त्याचं वाक्य एवढंच होतं, की पुढे काही यायचं राहिलं होतं, हे त्या वेळी कुणी थांबून पाहिलं नाही.

त्याच पावसाळ्यात माझं एक प्रकरण चाललं होतं. मी व्हर्नाक्युलर फायनल पास झाले होते आणि मला पुण्याला ट्रेनिंगला जाऊन शाळामास्तरीण व्हायचं होतं. इकडे आईने राजापूरचं एक स्थळ आणलं होतं, बुधवारी ती माणसं बघायला यायची होती. म्हणजे आबांच्या कानावर घालायला माझ्या हातात एकच सोमवार. आठ दिवस मी मनात भाषण पाठ करत होते. त्या सोमवारी सकाळी मी विहिरीवर पाणी ओढत होते, तर सदू येऊन कठड्याशी उभा राहिला.

"शेवूताई," म्हणाला, "तुझा सोमवार मला दे… माझा गुरुवार तू घे."

वारांची अशी अदलाबदल आम्ही करायचो, दोघांची हरकत नसली तर आबांची नसायची. पण गुरुवारी माझा काय उपयोग? बुधवारी तर माझ्या लग्नाचा नारळ फुटायचा होता. "चल हट," मी म्हटलं. "आज नाय म्हणजे नाय. गुरुवारपर्यंत तुझ्यावर काय आभाळ कोसळतंय मेल्या?"

तो उभाच राहिला. मग म्हणाला, "नाय… कोसळत नाय." आणि गेला. मी कळशी डोक्यावर घेतली आणि पुन्हा भाषण घोकायला लागले.

भाषण मी केलंच नाही, मचव्यात बसल्यावर नुसती रडले. आबांनी दोर वळता वळता सगळं ऐकलं आणि म्हणाले, "जा पुण्याला. राजापूरकरांचा मी बघतो." मी घरी आले ती नाचतच. सदू ओट्यावर बसला होता. त्याला काय सांगायचं होतं ते मी विचारलं नाही, माझ्या डोक्यात पुणं शिरलं होतं. बुधवारी राजापूरची माणसं आली. नकार द्यायचा, पण मान राखून, म्हणून आबा सकाळपासून घरीच थांबले, आग्रह करकरून त्यांना जेवायला घातलं. एरवी ते त्या वेळी किनाऱ्यावर असते. आणि त्याच वेळात सदूने शेजाऱ्यांची लहान होडी एकट्याने ओढली आणि खाडीच्या तोंडाशी नेली. त्या दिवसांत तिथे कुणी होडी घालत नाही, हे मांडवीतलं शेंबडं पोरदेखील सांगेल. तांडेलाच्या मुलाला सांगावं लागतं काय? होडी संध्याकाळी उपडी सापडली. सदू गुरुवारी सकाळी खाडीपलीकडे भाट्याच्या वाळूत सापडला.

का गेला, ते कुणालाच कळलं नाही. दादा म्हणाला खेकडे पकडायला, आई म्हणाली कुणी तरी पैज लावली असेल. मी मूग गिळून बसले. आबा तर काहीच बोलले नाहीत. दिवसकार्य झालं, आणि पुढच्या गुरुवारी जेवण झाल्यावर ते उठले आणि मचव्याकडे गेले. आम्हाला वाटलं कामात जीव रमवायला गेले. ते दिवेलागणीला परतले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तसंच. एकदा दादाला त्यांना काही निकडीचं विचारायचं होतं, तर आईने मला त्यांना बोलवायला पाठवलं. मी शिडीपाशी पोचले आणि आतून आबांचा आवाज ऐकला. बोलत होते. "मग? पुढं काय?" असं म्हणाले, आणि गप्प झाले. मी तशीच उभी. ते गप्प राहिले ते किती, तर सदू एका शब्दावरून दुसऱ्यावर यायला जेवढा वेळ घ्यायचा तेवढे, अगदी तेवढेच. मग "हां" म्हणाले, जसं कुणी काही सांगितलं आहे. पुन्हा तेवढाच वेळ…  मी पळत घरी आले आणि सांगितलं की आबा तिथे नाहीत. आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बसू दे त्यांना."

मी पुण्याला गेले, शिकले, परत येऊन इथल्या मुलींच्या शाळेत लागले. लोक कौतुक करतात, तांडेलाची पोर मास्तरीण झाली म्हणून. मला मात्र ठाऊक, ही नोकरी कुठल्या सोमवारातून आली ती. दादा मुंबईला गोदीत चिकटला, यमू लग्न होऊन सासरी गेली, आई एका थंडीत न्युमोनियाने गेली. मोटारलॉऱ्या आल्या, शिडाच्या मचव्याला माल मिळेना, आबांनी तो मोडीत काढला. मग त्यांचं बसणं मागल्या पडवीत आलं. घरात आम्ही दोघंच, बारा महिने, म्हणजे वार लावायची गरजच काय होती? पण जित्याची खोड. सोमवारी शाळा सुटली की मी पडवीत जाऊन बसायची, ते जाळ्याचा तुकडा घेऊन विणत बसायचे आणि म्हणायचे, "बोल गो बाय." आणि गुरुवारी मी मागल्या दाराकडे जायची नाही.

दहा वर्षं तरी मी दर सोमवारी ठरवून बसले, की आज सांगायचं. आबा, त्याने माझा वार मागितला होता, मी दिला नाही. एवढंच तर वाक्य! पण तोंड उघडलं की शाळेतल्या गमती निघायच्या. इन्स्पेक्टरसाहेबांनी मुलींना विचारलेला प्रश्न, हेडबाईंचा चष्मा, कुणाचं लग्न मोडलं नि कुणाचं जमलं. आबा हसायचे. मीही हसायची, आणि रात्रभर तळमळायची. मला भीती कशाची वाटायची सांगू? ते रागावतील याची नव्हे. मी सांगितलं आणि ते म्हणाले, "जाऊ दे गो," आणि पुढच्या गुरुवारी पडवीत सदूलाही तेच सांगितलं, तर? तर तो काय म्हणेल? हसा हवं तर. मी शिकलेली बाई, मुलींना सांगते भुतंखेतं काही नसतात, आणि घरी येऊन एका मेलेल्या पोराला भिते.

यंदा आषाढात आबांच्या पायांवर सूज आली, दम लागायला लागला. डॉक्टर येऊन गेले आणि जाताना माझ्याशी बोलले ते मान खाली घालून. त्यानंतरच्या सोमवारी मी बाजेशी बसून त्यांना पेज भरवत होते, आणि मधेच, चमचा हातात असताना, माझ्या तोंडून ते वाक्य निघून गेलं. दहा वर्षं अडकलेलं, एका दमात.

आबांनी चमचा हाताने बाजूला केला. मग विचारलं, "कधी आलेला तुझ्याकडं?"

"सकाळी. विहिरीवर होते मी."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. बऱ्याच वेळाने म्हणाले, "म्हणजे तुझ्याकडनं तो सरळ माझ्याकडं आला गो. सकाळीच. शिडीवर उभा ऱ्हायला, अर्धा आत नि अर्धा बाहेर. 'आबा, आज बोलू?' म्हणाला. मी म्हटलं, आज शेवूचा वार हाय, तू गुरुवारी ये. हातातला दोरसुद्धा खाली ठेवला नाय मी. ज्याच्यासाठी नियम केला, त्यालाच नियम सांगून परत पाठवला."

मला काय वाटलं ते खरं लिहिते. आधी संताप आला. एवढी वर्षं हे माहीत होतं तर हा माणूस बोलला का नाही? माझ्या छातीवरचा धोंडा निम्मा तरी उतरला असता! मग लक्षात आलं, की मी तरी कुठे बोलले होते. इतके सोमवार आम्ही समोरासमोर बसलो, त्यांच्याकडे त्यांचं पाप, माझ्याकडे माझं, आणि मधे इन्स्पेक्टरसाहेबांच्या गमती. मी त्यांच्या सुजलेल्या पायांवर डोकं ठेवून रडले. ते रडले नाहीत. माझ्या केसांवर हात ठेवून म्हणाले, "दर्याला भ्यायला असंल काय गो तो? मचव्यावर यायचा नसंल त्याला. तेच सांगायला आलेला असंल. आणि मी गुरुवारी ये म्हटल्यावर, भीती जाते काय बघायला एकटाच गेलान्… दर गुरुवारी इचारतो मी त्याला. भ्यायलास काय रे? भ्यायलास तर नको येऊ, तुझी शाळा चालू ठेव."

"मग?"

"मग काय," आबा म्हणाले, "थांबतो. त्याला वेळ लागतो बोलायला."

त्यानंतर तीन आठवडे ते होते. बोलणं कमी कमी होत गेलं, शेवटचे दोन दिवस तर नुसते ओठ हलायचे. दादाला तार केली होती, आगबोटी बंद, तो घाटावरून फिरून यायचा होता. तो दिवस सोमवारच होता. शाळेतून रजा घेऊन मी त्यांच्याजवळ बसले होते, दुपारची वेळ, पाऊस उघडलेला. एकाएकी त्यांनी डोळे उघडले आणि माझ्या खांद्यावरून मागल्या दाराकडे बघितलं. "कोण तो?" म्हणाले, चांगलं स्पष्ट. मी वळून पाहिलं. दार अर्धं उघडं होतं, बाहेर अंगण, आणखी काही नाही. "कुणी नाही, आबा." तरी ते बघतच राहिले. "ये रे," म्हणाले, "ये ना…" आणि मग माझ्याकडे बघितलं. आणि ते बघणं मी ओळखलं. अडचणीत पडलेल्या माणसाचं होतं ते. एक दारात उभा आहे आणि एक जवळ बसली आहे, आणि वार तिचा आहे.

 बापाची शेवटची घटका आहे हे मला दिसत होतं, मी काही आंधळी नव्हे. हात सोडायचा नव्हता मला त्यांचा, कुणाच्या हाती द्यायचा नव्हता. पण मी उठले. "आबा," म्हटलं, "आजचा वार मी सदूला दिला." त्यांच्या तोंडावर जे दिसलं त्याला मी नाव देणार नाही. मी मधलं दार ओढून घेतलं आणि पुढच्या ओट्यावर येऊन बसले. आतून त्यांचं पुटपुटणं ऐकू येत होतं. थोडं बोलायचे, मग थांबायचे, थांबायचे… मग पुन्हा. ऐकायचं नाही, म्हणून मी पुढच्या अंगणाच्या टोकाला जाऊन उभी राहिले. किती वेळ, ते आठवत नाही.

शेजारच्या काशीकाकी पेज घेऊन मागल्या दाराने आत गेल्या, आणि त्यांची किंकाळी ऐकू आली तेव्हा मी धावले. आबा दाराकडे कुशीवर वळले होते. ज्या माणसाला आठ दिवस कूस बदलता येत नव्हती तो. काकींनी मला फैलावरच घेतलं. "बापूस एकटा गेला गो! सोन्यासारखी लेक घरात, नि तू अंगणात काय करत होतीस?"  संध्याकाळी बायका जमल्या. काकींचा राग निवळला होता, त्यांनी मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "जाताना बापूस काय बोलत होता गो? शेवटचा काय सांगितलान्?"

"ठाऊक नाय, काकी," मी म्हटलं. "वार माझा नव्हता."